बोटांनी ओळखावयाची नोट

हातातील नोट कितीची आहे हे डोळस माणसाला पाहताक्षणी कळते. दृष्टिहीन माणसाला ते मापून घ्यावे लागते. नोट बोटांच्या पेरांवर धरून तिची लांबी ताडणे ही त्याची जुनी, भरवशाची रीत. २०१६ पूर्वीच्या मालिकेत १०० रुपयांची नोट १५७ मिलिमीटर, ५०० ची १६७, तर १००० ची १७७ मिलिमीटर लांब असे. दहा मिलिमीटरांचे अंतर सरावलेल्या हाताला पुरेसे होते. नव्या मालिकेत मात्र १०० ची नोट १४२, २०० ची १४६ आणि ५०० ची १५० मिलिमीटर झाली. रुंदी तिन्हींची ६६ मिलिमीटरच. अवघ्या चार मिलिमीटरांवर आता शंभर-तीनशे रुपयांचा हिशेब अवलंबून राहतो.

यावर उपाय म्हणून १०० च्या नोटेवर उठावदार त्रिकोण व ५०० च्या नोटेवर वर्तुळ छापलेले असते. कडेला अनुक्रमे चार व पाच तिरप्या रेषा असतात. कोऱ्या नोटेवर या खुणा बोटांना जाणवतात. पण नोट हातोहात फिरून मऊ पडली की उठाव झिजतो, आणि बाजारात कोऱ्या नोटा कितीशा मिळतात! नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात मांडला. १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने ‘मनी’ हे मोबाइल ॲप उपलब्ध केले. कॅमेऱ्यासमोर धरलेल्या नोटेचे मूल्य ते बोलून सांगते. घडी घातलेली नोटही ओळखते. इंटरनेटची गरज लागत नाही. नोट खरी की खोटी, हे मात्र ते सांगत नाही.

एटीएमचा प्रश्न निराळा. तेथे दुसऱ्याची मदत घेणे म्हणजे आपला गुप्त क्रमांक त्याच्या स्वाधीन करणे. देशातील पहिले बोलके एटीएम युनियन बँक ऑफ इंडियाने जून २०१२ मध्ये अहमदाबाद येथे सुरू केले. इअरफोन जोडला की सूचना केवळ ग्राहकाच्याच कानी पडतात. पाच अंकाच्या कळीवरील उंचवटा हाती लागला की भोवतीचे अंक आपोआप सापडतात. १ जुलै २०१४ पासून बसविली जाणारी सर्व नवी एटीएम बोलकी व ब्रेल कळफलकाची असावीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. अर्थात इअरफोनची खोबण धुळीने बुजलेली असेल, तर बोलके यंत्रही त्या ग्राहकापुरते मुकेच.

मोबाइलवरील व्यवहारांत पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारे ‘टॉकबॅक’ व ‘व्हॉइसओव्हर’ यांनी मोठीच सोय केली आहे. अडते ते चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखावयास सांगणाऱ्या चौकटीपाशी, किंवा ओळख पटविण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप मागितली जाते तेथे. केवायसीची अशी प्रक्रिया अपंगांनाही करता येईल अशी असावी, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिले.

शाखेतील सेवकांनी आणखी एक परिपत्रक हाताशी ठेवावे. धनादेश पुस्तिका, एटीएम कार्ड, लॉकर, कर्ज यांपैकी कोणतीही सुविधा केवळ दृष्टी नाही म्हणून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने जून २००८ मध्येच सर्व बँकांना कळविले आहे. ‘सोबत कोणाला तरी घेऊन या’ हे उत्तर त्यात बसत नाही.