'ज्ञानदा': एक नाव, तीन उच्चार

बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. नाव आधी उच्चारले जावे आणि मागाहून लिहिले जावे, हा आपल्याकडील जुना क्रम होय. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत होती, तोपर्यंत या क्रमाने काही अडचण उद्भवत नसे. कारण नाव सर्वांच्या परिचयाचेच असे. आता घरोघरी शोध चालतो तो इतर कोणाचे नसेल अशा नावाचा. 'ज्ञानदा' हे अशा शोधात हाती लागणारे एक सुंदर नाव आहे. ज्ञान देणारी हा त्याचा अर्थ सरळ आहे आणि त्याचे नाते मराठी मनाला थेट ज्ञानेश्वरांशी जोडता येते. तरीही एकाच वर्गात दोन ज्ञानदा सहसा आढळत नाहीत.

वेगळेपणाची ही ओढ अर्थशास्त्राला अपरिचित नाही. काही वस्तू इतरांजवळ आहेत म्हणून त्यांची मागणी वाढते, तर काहींची नेमकी त्याच कारणाने घटते, हे हार्वे लायबेन्स्टाइन यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले. नावांच्या बाबतीत हे दोन्ही परिणाम एकामागून एक दिसतात. वेगळे म्हणून निवडलेले नाव शेजारीपाजारी आवडते, पसरते, आणि मग वेगळेपण हवे असणारे पुढच्या नावाकडे वळतात. अर्थात नाव ही बाजारातील वस्तू नव्हे. येथे निवड एकाची असते आणि किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. अनोख्या नावाचा आनंद आईवडिलांना लाभतो. ते नाव जन्मभर समजावून सांगण्याचे काम मुलीच्या वाट्याला येते.

'ज्ञानदा'च्या बाबतीत हे काम हलके नाही. 'ज्ञ' हा मुळात 'ज्' आणि 'ञ' यांचा संयोग. परंतु तो मूळ उच्चार नित्याच्या बोलण्यात उरलेला नाही. मराठी माणूस 'द्न्य' म्हणतो, हिंदी भाषक 'ग्य' म्हणतो, तर गुजराती भाषक 'ग्न'. यांपैकी कोणत्याही उच्चाराला हिणवण्याचे कारण नाही. प्रत्येक भाषेने हे जोडाक्षर आपापल्या वळणाने पचविले आहे. देवनागरीत अक्षर एकच असल्याने हा भेद झाकला जातो. रोमन लिपीत मात्र तो उघडा पडतो. मराठी कुटुंब नावाचा आरंभ 'डी-एन-वाय'ने करते, उत्तरेत 'जी-वाय' रूढ आहे, तर विद्वानांच्या ग्रंथांत 'जे-एन' आढळते. ज्ञानपीठ पुरस्काराचे रोमन रूप 'जे'पासून सुरू होते, पण मराठी वाचक त्यास 'द्न्यानपीठ'च म्हणतो. एकच मुलगी एका यादीत 'डी'खाली, दुसरीत 'जी'खाली आणि तिसरीत 'जे'खाली शोधावी लागावी, असा हा प्रकार आहे.

यात केवळ गंमत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, आधार अशा कामांत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे. साहजिकच त्यावरील प्रत्येक अक्षराला वजन आले आहे. दाखला, गुणपत्रिका आणि पारपत्र यांवरील अक्षरे जुळली नाहीत, तर प्रतिज्ञापत्रे आणि राजपत्रातील जाहिराती यांत वेळ व पैसा खर्ची पडतो. हा खर्च देशाच्या कोणत्याही हिशेबात दिसत नाही. तो कुटुंबे निमूटपणे सोसतात.

मग सोपी नावेच ठेवावीत काय? तसे करणे म्हणजे भाषेने कचेरीच्या सोयीसाठी माघार घेणे होय. त्याऐवजी कचेऱ्यांनी देवनागरी नोंद मूळ मानावी, रोमन रूप पालकांना विचारूनच लिहावे आणि यंत्राने केलेले लिप्यंतर त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कायम करू नये. पालकांनीही बारशापूर्वी नावाच्या अर्थाइतकाच त्याच्या रोमन रूपाचा विचार करावा, एकच रूप ठरवावे आणि सर्वत्र तेच वापरावे. शिक्षकांकडून अपेक्षा याहूनही साधी आहे. पहिल्या दिवशी हजेरी घेताना अडखळल्यास आपल्या अंदाजाने नाव न उच्चारता त्यांनी ते मुलीलाच विचारावे. आत्याने कानात सांगितलेला उच्चार तिच्याइतका खात्रीने दुसरा कोण सांगणार?