गोष्टीतली नायिका कोण?

आमच्या गटात बचतीचा हिशेब झाला की एकजण कादंबरीची दोन पानं मोठ्यानं वाचते. एकदा नवऱ्यानं टाकलेल्या एका ताईंनी विचारलं, "प्रेमाच्या गोष्टी फक्त थोरामोठ्यांच्या लेकीसुनांच्याच का?"

१८६१ सालच्या 'मुक्तामाला'सारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत तसंच असे. पुढं वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी 'वैजयंता'मध्ये तमाशात नाचणारी मुलगी नायिका केली. लोक जिला नावं ठेवतात, तिलाही मन आहे, मान आहे, हे दाखवलं. १९६१ साली त्यावर चित्रपटही आला.

तुमच्याही बैठकीत गोष्ट वाचा आणि विचारा, हिच्यात आपल्यासारखी कोण आहे? कुणीच नसेल, तर आपली गोष्ट आपणच सांगायला लागू या.