सातपुड्याच्या दोन्ही अंगांचा पट

नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या श्रीनाथ केसरी मैदानात ‘हेलिकॉप्टर बैज्या’ आणि ‘ब्रेक फेल’ या बैलजोडीनं शर्यतीची फायनल मारली आणि बक्षीस म्हणून फॉर्च्युनर मिळवली. त्याआधी २०२३ साली याच जिल्ह्यात भाळवणीच्या मैदानात ‘बकासुर’ आणि ‘महिब्या’ थार घेऊन गेले होते. २०२२ साली पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत पहिलं बक्षीस होतं जेसीबी. आता बैलांची नावंही यंत्रांची आणि बक्षिसंही यंत्रांचीच. सात-आठ वर्षांपूर्वी जी शर्यत भरवली तर गुन्हा दाखल व्हायचा, तिच्यासाठी आज आठवडाभर आधीपासून मोबाइलवर चर्चा रंगते. कोणता बैल उतरणार, कुणाचा कुणाशी पैरा, म्हणजे जोडी, ठरला, छकडीवर (शर्यतीच्या हलक्या गाडीवर) ड्रायव्हर कोण, हे पोरांना तोंडपाठ असतं.

भोपाळमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला हे सगळं लांबचं वाटण्याचं कारण नाही. भोपाळहून दक्षिणेला निघालं, नर्मदापुरमला नर्मदा ओलांडली आणि सातपुडा चढायला लागलं की बैतूल येतं. पुढे मुलताई, तिकडे पांढुर्णा आणि सौंसर, पूर्वेला बालाघाट. या पट्ट्यात घराघरांत मराठी आहे आणि पिकं निघाली की ‘पट’ही, म्हणजे बैलांची शर्यतही, आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. नव्याची भोपाळ झाली, आणि नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. बैतूल, छिंदवाडा, बालाघाट इकडेच राहिले. माणसांची सोयरीक तुटली नाही, बैलांचीही नाही. गवळाऊ जातीचा मुलूख आजही वर्ध्यापासून छिंदवाड्यापर्यंत पसरलेला आहे. पांढरा, लांब, अंगानं सडपातळ आणि झपझप चालणारा हा बैल. मराठ्यांच्या फौजेचं सामान वाहायला याच जातीचे बैल होते, असं जुन्या नोंदी सांगतात.

शर्यत म्हटलं की सगळीकडे एकच प्रकार नसतो, आणि बाहेरच्या माणसाचा गोंधळ इथंच होतो. पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरकडे ‘घाट’ असतो, म्हणजे किंचित चढाची, दोन्ही बाजूंनी बांधून काढलेली धावपट्टी. गाड्याला पुढे-मागे दोन जोड्या, असे चार बैल. त्यांच्याही पुढे घोडी आणि घोडीवर स्वार. गाड्यावर हाकणारा कुणी नाही. प्रत्येक गाडा एकटाच धावतो, त्याला ‘बारी’ म्हणतात, आणि निकाल सेकंदांवर लागतो. बंदी उठल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये खासदार अमोल कोल्हे निमगावच्या घाटात याच घोडीवर बसून गाड्यापुढे धावले होते. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे याउलट सपाट मैदान असतं. दोन बैल, हलकी छकडी, छकडीवर एक ड्रायव्हर. गट, सेमी फायनल, फायनल असा चढता क्रम. झेंडा पडला की शेजारशेजारच्या पट्ट्यांतून सगळ्या जोड्या एकदम सुटतात. तिथं निकाल घड्याळावर लागत नाही, रेषेवर लागतो.

विदर्भाचा आणि आपल्या सातपुड्याकडचा शंकरपट तिसराच. एक जोडी, एक धुरकरी म्हणजे हाकणारा, सरळ धाव. कुठं घड्याळाशी, कुठं शेजारच्या जोडीशी. पटाचं गाव त्या दिवसांत पाहुण्यांनी भरून जातं. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. पूर्व विदर्भात पटाच्या रात्री झाडीपट्टीचं नाटक लागलं नाही तर पट झाल्यासारखं वाटत नाही. अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे तालुक्यातलं तळेगाव दशासर या पटासाठी नावाजलेलं. तिथं बायका स्वतः धुरा सांभाळतात, त्यांचा स्वतंत्र पट होतो. ज्यांना हा खेळ म्हणजे नुसता पुरुषी दांडगावा वाटतो, त्यांनी एकदा जानेवारीत तळेगावला जावं.

धुरकऱ्याचं काम बघायचं तर जवळून बघावं. छकडी म्हणजे दोन चाकं, आस, जुवापर्यंत गेलेला दांडा आणि एक माणूस कसाबसा टेकेल एवढी बैठक. बाकी वजन नको म्हणून काहीच नाही. सुटण्याच्या रेषेवर दोन बैल सरळ उभे करणं हीच पहिली परीक्षा. एक पुढं ओढतो, दुसरा मागं रेटतो, अंगावर शहारे, नाकपुड्या फुललेल्या. दोघे मिळून दोन-चार माणसांना आवरत नाहीत. ड्रायव्हर कासरा आखडून धरतो, पण फार आखडला तर बैल तोंड वर करतो आणि पहिली दोन पावलं वाया जातात. सैल सोडला तर झेंड्याआधीच सुटतो. त्या एका क्षणात दोन्ही बैलांची मान एका रेषेत आणि दोन्ही कासरे सारख्या ताणाचे असावे लागतात. पुढं जोडी वाऱ्यावर असताना त्याच्या हातात फारसं काही उरत नाही. आवाज, कासऱ्याचा इशारा आणि अंगाचा तोल, एवढंच. ज्याला या तिघांवर जोडी काढता येते तो खरा ड्रायव्हर. ज्याला काठी लागते त्याला ड्रायव्हर म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काठीचा प्रश्न हाच या खेळाच्या गेल्या पंधरा वर्षांचा इतिहास आहे. ११ जुलै २०११ ला केंद्र सरकारनं प्रदर्शनासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्ही थांबवल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, आणि तो धावतो तो भीतीनं आणि वेदनेनं, हा त्या निकालाचा गाभा होता. शौकिनांना राग आला, पण शेपटी पिरगाळणं, पराणी टोचणं, विजेचा झटका देणं हे प्रकार चालत होते, ही गोष्ट त्या रागानं खोटी ठरत नव्हती. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची मंजुरी घेतली आणि नियम केले. उच्च न्यायालयात ते अडकलं. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना वाट मोकळी केली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

नियम साधे आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, अंतर १००० मीटरच्या आत. काठी, चाबूक, पराणी, झटका यांना पूर्ण बंदी. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. कागदावर हे भक्कम आहे. मैदानात ते पाळलं जातं का, हे मात्र मैदानागणिक बदलतं. चांगल्या मैदानात निवेदक माइकवरून नाव घेऊन ड्रायव्हरला दम देतो, काठी दिसली की जोडी बाद होते. वाईट मैदानात तिकडे कुणीच बघत नाही.

नेमकं इथं प्रेक्षक बदलला आहे, आणि ही मला सगळ्यात आशेची गोष्ट वाटते. पूर्वी प्रेक्षक म्हणजे गावची जत्रा. आपल्या गावचा बैल आला, गुलाल उधळला, संपलं. आता निम्मा प्रेक्षक घरी बसून थेट प्रक्षेपण बघतो. त्याला गावापेक्षा बैल ओळखीचा आहे. कोणता बैल डावीकडून चांगला पळतो, कोणता दोन्ही खांद्यांना चालतो, आदतमध्ये, म्हणजे दुधाचे दात असलेल्या कोवळ्या बैलांत, कोण चमकला आणि दोन दात येऊन दुसा झाल्यावर कोण मागे पडला, हे तो सांगतो. रेषेवर दोन जोड्या बरोबर आल्या तर पंचाच्या शब्दावर तो थांबत नाही, कॅमेऱ्याचं चित्र मागतो. आणि ड्रायव्हरनं काठी चालवली तर तोच तुकडा दहा हजार माणसं पुन्हा पुन्हा बघतात आणि खाली शिव्या घालतात. मालकाला दंडापेक्षा ही नाचक्की जास्त लागते.

खेळ जुना, प्रेक्षक नवा, ही गोष्ट आपल्याकडेच घडते आहे असं नाही. अमेरिकेतली स्टॉक कार शर्यत अशीच ग्रामीण मातीतून आली. दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात चोरटी दारू पोचवणारी पोरं रोजच्या वापरातल्या गाड्या पळवायची. १९४८ साली नॅस्कार ही संस्था उभी राहिली आणि त्या धावपळीला नियम मिळाले. २००१ च्या फेब्रुवारीत डेटोनाच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट हा त्यांचा सर्वांत लाडका ड्रायव्हर अपघातात गेला. त्याच वर्षी ड्रायव्हरची मान सांभाळणारं साधन सक्तीचं झालं, पुढं धावपट्टीच्या भिंतीही धक्का झेलणाऱ्या केल्या गेल्या. शर्यत त्यानं मिळमिळीत झाली नाही. अलीकडचा वाद तर आपल्याला फारच ओळखीचा वाटेल. २०२५ च्या मोसमाचं विजेतेपद एका शेवटच्या शर्यतीवर ठरलं. फिनिक्सला डेनी हॅमलिन २०८ फेऱ्या आघाडीवर होता, आणि विजेता ठरला त्या दिवशी एकही फेरी आघाडीवर नसलेला काइल लार्सन. नियमानुसार निकाल बरोबर होता, तरी एका दिवसाच्या नाट्यावर वर्षाची मेहनत का तोलायची, हा चाहत्यांचा जुना सवाल पुन्हा उफाळला. २०२६ साठी संस्थेनं ती पद्धत टाकून दिली आणि शेवटच्या दहा शर्यतींच्या गुणांवर विजेता ठरवायचं जाहीर केलं.

आपल्याकडे तर एकाच वर्षात कितीतरी ‘केसरी’ आणि ‘हिंद केसरी’ होतात. जो मैदान भरवतो तो किताब देतो. वर्षभर सातत्यानं पळणाऱ्या बैलाला मान देणारी, सगळ्यांनी मानलेली एक यादी नाही. त्यामुळे सगळं बळ एका दिवसाच्या मोठ्या बक्षिसाकडे ओढलं जातं. मला फॉर्च्युनरचं आकर्षण कळतं. शेतकऱ्याच्या पोरानं वाढवलेल्या बैलानं ती जिंकावी, यात अभिमान वाटण्यासारखं नक्की आहे. पण बक्षीस जितकं मोठं, तितका एका धावेसाठी बैलाला काहीही पाजण्याचा मोह मोठा. दूध, भरडा, पेंड, अंडी हा खुराक, रोजची चालणी आणि पोहणी, यांनी बैल तयार व्हायला वर्षं लागतात. औषधाला एक सुई पुरते. शर्यतीनंतर विजेत्या जोडीचं रक्त तपासणं सक्तीचं व्हायला हवं, आणि आदत बैलांना किती लहान वयात जुंपायचं यालाही मर्यादा हवी. नियमांत या दोन गोष्टींवर जोर नाही, ही मोठी उणीव आहे. गर्दीचंही तसंच. रेषेपुढं थांबायला जागा नसली की जोडी माणसांत घुसते, आणि दर हंगामात तशा बातम्या येतात. मोबाइल घेऊन पट्टीच्या कडेला उभी राहणारी पोरं हटवण्यासाठी बांबूचे कठडे पुरत नाहीत.

आणि आता भोपाळ. घटनापीठानं ज्या तीन राज्यांच्या दुरुस्त्या उचलून धरल्या, त्यांत मध्य प्रदेश नाही. म्हणजे महाराष्ट्रात वरूड तालुक्यातल्या शेतकऱ्याला जो कायदेशीर आधार आहे, तो सीमेपलीकडे पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याला नाही. बैल त्याच जातीचा, पट त्याच पद्धतीचा, पाहुणेही तेच. पट मात्र थांबलेले नाहीत. नियमाविना भरणाऱ्या पटाला पशुवैद्यकाची तपासणी लागू होत नाही आणि काठी दिसली तर जोडी बाद करायला कलम नसतं. यात सर्वांत जास्त नुकसान बैलाचं आहे, त्या खालोखाल प्रामाणिक धुरकऱ्याचं.

बैतूल, पांढुर्णा, छिंदवाडा, बालाघाटचे आमदार भोपाळच्याच विधानसभेत बसतात. त्यांनी महाराष्ट्राचे २०१७ चे नियम समोर ठेवून, त्यात रक्ततपासणी, वयाची मर्यादा आणि प्रेक्षकांसाठी पक्के कठडे घालून, मध्य प्रदेशासाठी दुरुस्तीचा मसुदा आणावा. भोपाळच्या मराठी मंडळांनी आणि दक्षिणेकडच्या पट समित्यांनी एकत्र येऊन तशी लेखी मागणी त्यांच्याकडे करावी. आणि तोवर, जिथं काठी चालते त्या पटाला आपण जाऊ नये.