दुहेरी गाडी : बदलावी की राखावी ?

पेट्रोल आणि वीज या दोहोंवर चालणाऱ्या मोटारी आता आपल्या महाड-पोलादपूरच्या रस्त्यावर नवलाच्या राहिलेल्या नाहीत. ज्यांच्या दारात अशी दुहेरी गाडी आहे, त्यांच्यापुढे आता पुढचा प्रश्न उभा राहतो. नवा नमुना बाजारात येतो, त्याची बॅटरी मोठी, तो विजेवर अधिक लांब जातो, असे कानांवर येते. आणि मन म्हणते, जुनी देऊन टाकावी. परदेशी असलेला आपला भाचा किंवा जावईही फोनवर हेच विचारतो : ‘मामा, आहे ती ठेवू, की नवी घेऊ?’ याचे उत्तर आपल्या रोजच्या वाटेच्या लांबीवर अवलंबून असते. ते कसे काढावे, हे आज आपण पाहू.

प्रथम या गाड्यांच्या दोन जाती ओळखून घेऊ. पहिली जात स्वतःच स्वतःची बॅटरी भरणारी. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीस आलेली टोयोटा प्रियस ही तिची नामांकित थोरली बहीण. आपल्याकडे २०२२ पासून मिळू लागलेल्या टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड व्हिटारा यांचे हायब्रिड प्रकार याच जातीचे. यांची बॅटरी पाऊण युनिटाची. युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलावर असते तेच. या गाडीला भिंतीतली वीज चालत नाही. इंजिन आणि ब्रेक यांच्यापासून ती वीज मिळवते. तेव्हा तिचा सगळा खर्च शेवटी पेट्रोलचाच, फक्त ते पेट्रोल ती काटकसरीने वापरते. दुसरी जात प्लग लावून भरायची. हिची बॅटरी बरीच मोठी. रात्री घरी भरली की सकाळी काही अंतर पेट्रोलचा थेंबही न जाळता जाता येते, आणि वीज संपली की इंजिन आहेच.

आता या दुसऱ्या जातीतली एक गाडी सोडून दुसरी घ्यावी का, ते पाहू. अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्लगवाल्या प्रियसचे तीन नमुने घ्या. २०१२ च्या नमुन्याची बॅटरी ४.४ युनिटांची, तिच्यावर सुमारे १८ किलोमीटर, तेही मधूनमधून इंजिनाची मदत घेत. २०१७ च्या नमुन्यात ८.८ युनिटे आणि ४० किलोमीटर. २०२३ च्या नमुन्यात १३.६ युनिटे आणि एका प्रकारात सुमारे ७० किलोमीटर. कागदावर पाहिले तर प्रत्येक वेळी मोठी प्रगती आहे, यात शंका नाही.

पण या तिन्ही गाड्या कल्पनेने आपल्या रस्त्यावर आणा. महाडात राहणारे आणि पोलादपूरच्या शाळेत शिकवणारे एक गुरुजी आहेत असे समजा. जाण्याचे सुमारे १८ आणि येण्याचे १८, असे ३६ किलोमीटर रोज. आणि गाडी भरायची ती फक्त घरी. पहिली गाडी त्यांना पोलादपूरला पोचवील. येताना पेट्रोल जळेल. दुसरी गाडी जाऊन-येऊन विजेवरच घरी आणील. आणि तिसरी? तीही तेच करील. फक्त निम्मी बॅटरी न वापरता दारात उभी राहील. म्हणजे पहिलीवरून दुसरीवर जाण्यात रोजचे १८ किलोमीटर पेट्रोल वाचले. दुसरीवरून तिसरीवर जाण्यात जवळजवळ काहीच नाही. रोजच्या वाटेपेक्षा जास्त असलेली बॅटरी ही रोज ओझ्यासारखी वाहून न्यायची गोष्ट आहे. बॅटरी म्हातारी झाली किंवा वातानुकूलन फार चालवले, तर दुसऱ्या गाडीचे शेवटचे चार किलोमीटर कमी पडतील हे खरे. पण चार किलोमीटरांना पेट्रोल ते किती लागणार! उलट, महाडहून माणगावला रोज जाऊन-येऊन पन्नास-साठ किलोमीटर करणाऱ्याला तिसरी गाडी खरोखर उपयोगी पडेल. आणि जो मुख्यतः मुंबईच्याच फेऱ्या करतो, त्याची वीज तिन्ही गाड्यांत वाटेतच संपेल आणि उरलेला सारा महामार्ग पेट्रोलवरच जाईल.

आता पहिल्या जातीवरून दुसऱ्या जातीवर जाण्याचा विचार करू. आपल्याकडे हाच प्रसंग जास्त येईल. हिशेब सोपा व्हावा म्हणून पेट्रोल १०० रुपये लिटर आणि घरची वीज १२ रुपये युनिट धरू. आपण आपल्या बिलावरचे आकडे घाला. स्वतः भरणारी गाडी लिटरला २० किलोमीटर गेली, तर किलोमीटरला ५ रुपये पडले. प्लगची गाडी भिंतीतून घेतलेल्या एका युनिटावर ५ किलोमीटर गेली, तर २ रुपये ४० पैसे. वाचले २ रुपये ६० पैसे. गुरुजी महिन्याला २५ दिवस जातात. वर्षाचे १०,८०० किलोमीटर, म्हणजे २८,०८० रुपये वाचले. आता जुनी देऊन नवी घेताना वर पाच लाख रुपये मोजावे लागले असे धरा. ते भरून यायला जवळजवळ अठरा वर्षे! बॅटरीची हमी अनेक कंपन्या आठ वर्षांची देतात, हेही लक्षात घ्या. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून निव्वळ विजेच्या गाडीवर ५ टक्के जीएसटी आहे, तर मोठ्या दुहेरी गाडीवर ४० टक्के. हा फरक शेवटी आपल्याच खिशातून जातो.

कोणी म्हणेल, आपला मुलूख घाटाचा. उतारावर वीज परत मिळते त्याचे काय? रास्त शंका आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना आपण सुमारे साडेबाराशे मीटर चढतो. माणसांसकट १,७०० किलोची गाडी एवढी उंच नेण्यात पावणेसहा युनिटे खर्ची पडतात. चाकांचे घर्षण, वारा आणि यंत्रातली घट धरून बॅटरीतून नऊ-दहा युनिटे जातात. उतरताना त्यातली दोन-अडीच युनिटे परत मिळू शकतात, पण ठेवायला जागा असेल तर! पाऊण युनिटाची बॅटरी पहिल्या काही वळणांतच भरते. पुढचा उतार इंजिनाच्या आवळणीवर आणि ब्रेकवर काढावा लागतो. मोठ्या बॅटरीत ही सगळी वीज मावते. तरी तिची किंमत पंचवीस-तीस रुपये, तेव्हा महिन्याच्या एका सहलीसाठी गाडी बदलणे परवडणारे नाही. मात्र एक पथ्य पाळा बरं का : महाबळेश्वरला मुक्कामी बॅटरी काठोकाठ भरून घाट उतरू नका. भरल्या घागरीत आणखी पाणी मावत नाही. मग उताराचा सारा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात.

पावसाळ्याचाही विचार हवा. जुलै २०२१ चा सावित्रीचा पूर महाडकर विसरलेले नाहीत. प्लग लावायची जागा पुराच्या खुणेच्या वर आहे का? अर्थिंग नीट आहे का? गाडी पाण्यात बुडालीच, तर ती सुरू करू नये, प्लगही लावू नये; ओढून नेऊन जाणकाराकडून तपासून घ्यावी. वीज गेली तरी पेट्रोलवर चालते, हा दुहेरी गाडीचा आपल्याकडे मोठाच गुण आहे. पण तो आपल्या जुन्या गाडीतही आहेच.

शेवटची गोष्ट सवयीची. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरची माहिती प्रसिद्ध केली. तीत प्लगवाल्या दुहेरी गाड्यांचा धूर प्रयोगशाळेतल्या आकड्यांच्या सरासरी साडेतीनपट निघाला. मुख्य कारण असे, की लोक गृहीत धरले होते तितक्या वेळा प्लग लावतच नाहीत. प्लग न लावलेली गाडी म्हणजे जड बॅटरी वाहणारी पेट्रोलचीच गाडी.

तेव्हा निर्णयाआधी एक महिना वही ठेवा. रोज किती किलोमीटर झाले, त्यातले घरच्या विजेवर किती झाले असते, रात्री प्लग लावणे जमले असते का, एवढेच लिहा. नव्या बॅटरीमुळे पेट्रोलवरचे पुष्कळ किलोमीटर रोज विजेवर येत असतील, आणि वरचे पैसे हमीच्या मुदतीत फिटत असतील, तर खुशाल बदला. नाहीतर आहे तीच गाडी राखा, टायरांत हवा नीट ठेवा, वेळेवर सर्व्हिसिंग करा. आणि भाच्यालाही हेच कळवा.