अलीची जीभ कधी जड झाली?

१० जून २०१६. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरात रस्त्यांच्या दोन्ही कडांना माणसे दाटीने उभी होती. मुहम्मद अली आठवड्यापूर्वी, ३ जूनला, वयाच्या ७४ व्या वर्षी गेला होता आणि त्याची अंत्ययात्रा त्याच्या जन्मगावातून निघाली होती. ग्रँड अव्हेन्यूवर त्याच्या लहानपणीचे छोटेसे घर आहे. तिथून शववाहिका पुढे सरकली, तेव्हा 'अली, अली' असा घोष चालला होता. लोक गाडीवर फुले टाकत होते, काचेला हात लावायला धावत होते. काहींनी त्याच्यासारखे नाचरे पाय टाकून हवेत ठोसे मारून दाखवले.

त्या गर्दीच्या आठवणीत अली दोन होते. एक, २२ व्या वर्षी सनी लिस्टनला हरवून जगज्जेता झालेला, लढतीआधीच प्रतिस्पर्ध्याला यमक जुळवून चिडवणारा, पत्रकारांना बोलू न देणारा वाचाळ तरुण. दुसरा, १९९६ च्या ॲटलांटा ऑलिम्पिकमध्ये ज्योत पेटवताना जगाने पाहिलेला. उजव्या हातात मशाल घट्ट धरलेली, डावा हात लटलट कापणारा आणि चेहरा जवळजवळ निश्चल. बहुतेक चाहते या दोन अलींच्या मधली वर्षे उडी मारून ओलांडतात. वैद्यकीयदृष्ट्या खरा प्रश्न मात्र त्या मधल्या वर्षांचाच आहे.

अलीला पार्किन्सन, म्हणजे कंपवाताचा विकार असल्याचे निदान १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाले, तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. हा विकार साधारणपणे साठीनंतर दिसतो. मेंदूच्या तळाकडच्या भागात काळसर रंगाच्या पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तिथे डोपामाइन हे रसायन तयार होते आणि हालचालींची सुरुवात, वेग, लय त्याच्या जोरावर चालते. या पेशी हळूहळू मरतात. हात कापू लागेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. म्हणजे निदानाची तारीख आणि आजाराची सुरुवात यांत कित्येक वर्षांचे अंतर असू शकते.

अलीच्या बाबतीत हे अंतर मोजायला एक विलक्षण साधन हाताशी होते, त्याचे बोलणे. कॅमेऱ्यासमोर इतके बोललेला खेळाडू त्या काळात दुसरा सापडणे कठीण. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी १९६८ ते १९८१ या काळातल्या त्याच्या मुलाखती तपासून तो सेकंदाला किती अक्षरे उच्चारतो ते मोजले आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. १९६८ मध्ये हा वेग सेकंदाला सुमारे चार अक्षरे, म्हणजे निरोगी माणसाइतकाच होता. १९८१ पर्यंत तो तीनच्या आसपास उतरला. पंचविशी ते चाळिशी या वयात बोलण्याचा वेग असा पाव हिश्शाने सहसा घसरत नाही. १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सशी झालेल्या लढतीनंतरची घट विशेष जाणवणारी होती. शेव्हर्सचे ठोसे हेवीवेट गटात सर्वांत जबर मानले जात. अलीने पंधरा फेऱ्या ते सोसले आणि लढत जिंकली. त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी त्यानंतर त्याची साथ सोडली, कारण त्याने आता थांबावे असे त्यांचे मत होते.

तो थांबला नाही. जानेवारी १९८० मध्ये तो भारतात आला होता आणि दिल्लीत आपल्या कौर सिंगशी प्रदर्शनी लढत खेळला. त्याच वर्षी लॅरी होम्सविरुद्धच्या लढतीआधी मेयो क्लिनिकमध्ये त्याची तपासणी झाली. एका पायावर उडी मारणे, बोट नाकाला लावणे अशा साध्या चाचण्यांत तो थोडा कमी पडत असल्याची नोंद झाली, तरी परवाना मिळालाच. २ ऑक्टोबरला लास व्हेगासमध्ये दहा फेऱ्यांनंतर प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली. त्यानंतरही, चाळिशीला महिनाभर उरला असताना, तो बहामामध्ये आणखी एकदा उतरला आणि हरला. ६१ लढतींची कारकीर्द तिथे संपली.

मग हा आजार ठोशांनीच दिला का? चाहत्यांना हे उत्तर स्वाभाविक वाटते, आणि शंकेला आधारही आहे. डोक्याला सतत मार बसलेल्या मुष्टियोद्ध्यांची अडखळती चाल आणि जड जीभ यांचे वर्णन हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी १९२८ मध्येच केले होते. ठोसा बसला की कवटीच्या आत मेंदू हिसका खातो. हेडगार्डने भुवई फुटणे टळते, पण हा आतला हिसका टळत नाही. पण २०२२ मध्ये अलीच्या उपचारांत वीसेक वर्षे सहभागी असलेले डॉ. मायकेल ओकुन आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय नोंदी पुढे ठेवून वेगळे मत मांडले. लक्षणे एका बाजूला जास्त होती, लिव्होडोपा या औषधाचा गुण येत होता, विकार वर्षानुवर्षे सावकाश वाढत गेला. ही सगळी तरुण वयात सुरू होणाऱ्या नेहमीच्या पार्किन्सनची चिन्हे आहेत. त्यामुळे माराने तो झालाच नसता की लवकर ओढवला, हा वाद मिटलेला नाही. मात्र बोलणे मंदावत असताना आणखी मार खाणे मेंदूच्या हिताचे होते, असे दोन्ही बाजूंपैकी कोणीही म्हणणार नाही.

चाहत्यांसाठी इथे एक अवघड गोष्ट आहे. अलीच्या ज्या लढती ते डोळे भरून आठवतात, त्या मार चुकवण्याच्या नव्हेत, मार सोसण्याच्या आहेत. १९७४ मध्ये किन्शासात दोरांना टेकून जॉर्ज फोरमनचे ठोसे अंगावर घेत त्याला दमवणारा अली, पुढच्या वर्षी मनिलात जो फ्रेझियरविरुद्ध चौदा फेऱ्या उभा राहिलेला अली. सरावातही तो जोडीदारांना स्वतःला मारू देत असे. पाय मंदावल्यावर त्याने शोधलेली ही युक्ती होती, आणि टाळ्या तिलाच सर्वांत जास्त मिळाल्या.

शेवटच्या वर्षांतला त्याचा गप्प चेहरा पाहून 'आता त्याला काही कळत नसेल' असे अनेकांना वाटे. कंपवाताच्या रुग्णांबद्दल घरोघरी होणारा हा गैरसमज आहे. या विकारात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, आवाज बारीक होतो, हसू ओठांपर्यंत यायला वेळ लागतो, तरीही मन बराच काळ जागे असू शकते. अली न बोलता रुमालाच्या जादू करून मुलांना हसवायचा. समोर असा रुग्ण असेल तर प्रश्न विचारून थोडे थांबावे, त्याच्याऐवजी घरच्यांनी उत्तर देऊ नये. अक्षर बारीक होत जाणे, वास न येणे, चालताना एकच हात न हलणे, बोलणे पुटपुटल्यासारखे होणे ही थरथरीच्या आधी दिसू शकणारी चिन्हे आहेत, आणि ती दिसल्यास मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

अलीच्या मुलाखती आजही सहज सापडतात. १९६८ ची एक आणि १९८१ ची एक, लागोपाठ लावून ऐकली तर मोजायला यंत्र लागत नाही.