देव्हाऱ्यातल्या पैशावरचा त्रिशूळ

काशीच्या दुर्गाघाटावरून वरच्या अरुंद गल्लीत शिरले, की मराठी आडनावे दिसू लागतात. पेशवाईच्या काळात नारायण दीक्षित पाटणकरांनी या परिसरात पक्के घाट बांधले आणि मराठी कुटुंबे वसवली. अशा जुन्या घराच्या देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्याशेजारी, चार-दोन झिजलेली नाणी सापडली तर नवल नाही. लक्ष्मीपूजनाला ती चिंचेने लख्ख घासायची, हळदकुंकू वाहायचे आणि पुन्हा डबीत ठेवायची, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. पण या भक्तीपायी दरवर्षी त्यांच्यावरचा इतिहास थोडा थोडा पुसला जातो, हे कितीजणांच्या ध्यानात येते?

या नाण्यांत तांब्याचा एखादा जाड पैसा असेल, तर तो नीट पाहावा. एका बाजूला फारसीत मोगल बादशहा शाह आलम दुसरा याचे नाव आणि सोबत चक्क त्रिशूळ! हा काशीच्या टांकसाळीचा पैसा. नाव बादशहाचे, टांकसाळ ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातली आणि चिन्ह काशीविश्वेश्वराचे.

सतरा की सव्वीस?

चांदीच्या रुपयाची ओळख पटवणे अधिक गमतीचे आहे. टांकसाळीचे नाव 'मुहम्मदाबाद बनारस' असलेला प्रत्येक रुपया काशीत पडला असेलच असे नाही. बनारस हातचे गेल्यावर अवधच्या नबाबांनी लखनौत रुपये पाडले, तेही बनारसचेच नाव घालून! मग फरक कसा करायचा? बादशहाच्या कारकिर्दीचे वर्ष पाहून. कंपनीच्या बनारसी रुपयावर १७ हे वर्ष कायम ठेवलेले असते, तर लखनौच्या रुपयावर २६. फारसी १ म्हणजे उभी रेघ आणि ७ म्हणजे इंग्रजी 'व्ही'सारखी खूण, एवढे ठाऊक असले तरी काम भागते.

नाण्यावर हिजरी सनही असतो. त्यातून शेकडा तीन वजा करून ६२२ मिळवले, की साधारण इसवी सन निघतो. १२२९ सनाचा रुपया या हिशेबाने १८१४चा ठरतो. शाह आलम तर १८०६मध्येच वारला होता! म्हणजे नाणे खोटे का? मुळीच नाही. लोकांचा विश्वास जुन्या नावावर होता, म्हणून कंपनीने ते चालू ठेवले.

ठसा मोठा आणि धातूची चकती लहान असल्याने एका नाण्यावर सगळा मजकूर क्वचितच उमटतो. चार नाणी शेजारी मांडली, की एकावरचे तुटलेले अक्षर दुसऱ्यावर सापडते. दक्षिणेत करूरच्या परिसरात मिळणारी चौथ्या-पाचव्या शतकातील रोमन नाणीही अशीच ओळखावी लागतात. ती नखाएवढी असतात. मागच्या बाजूला चित्राच्या खाली टांकसाळीच्या नावाची दोन-तीन अक्षरे वाचता आली, तर ते नाणे अँटिऑकचे की अलेक्झांड्रियाचे ते कळते.

काशीची परंपरा

काशीच्या टांकसाळीत धातूची शुद्धता पारखण्यासाठी १८२० साली जेम्स प्रिन्सेप हा तरुण आला. १८३०मध्ये टांकसाळ बंद झाल्यावर तो कलकत्त्याला गेला आणि १८३७मध्ये त्याने ब्राह्मी लिपीचे कोडे उलगडले. पुढे कोल्हापूर भागातील म्हाकवे गावचे डॉ. अनंत सदाशिव आळतेकर काशी हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक झाले. १९४६मध्ये भरतपूरजवळ बयाना येथे गुप्तकालीन सोन्याचा साठा मिळाला. काही नाणी जाणकारांपर्यंत पोहोचण्याआधीच वितळवली गेली; उरलेल्या १८२१ नाण्यांची सूची आळतेकरांनी १९५४मध्ये प्रसिद्ध केली. वितळलेल्या नाण्यांवर काय होते, ते आता कोण सांगणार?

एवढे पाळावे

तांब्यावरचा घट्ट हिरवट-तपकिरी थर हा मळ नव्हे, ते नाण्याचे कवच आहे. चिंच, लिंबू, राख लावली की ते जाते आणि सोबत अक्षरेही. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, तर मात्र नाणे वेगळे ठेवून संग्रहालयातील तज्ज्ञांना दाखवावे. नाणी कडेने धरावीत, कोरड्या जागी कागदी पाकिटात ठेवावीत आणि पाकिटावर वजन, व्यास व नाणे कोणाकडून आले ते लिहावे. जमिनीत साठा सापडल्यास १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे परदेशी नेण्यास खासगी व्यक्तीला मनाई आहे.

लक्ष्मीपूजन अवश्य करावे. फक्त चिंच तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी राखावी आणि जुन्या पैशाला हळदकुंकू दुरूनच वाहावे. पणजीने जपलेला त्रिशूळ मग पणतीलाही दिसेल.