तीन-तीन की दोन-दोन-दोन?

मराठी कवितेच्या तालाची पद्धतशीर मोजदाद कोल्हापुरात पूर्णत्वाला गेली. राजाराम कॉलेजातले प्राध्यापक माधव ज्यूलियन यांच्या ‘छंदोरचना’ या ग्रंथाची सुधारित आवृत्ती १९३७ साली आली आणि पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन, या हिशोबावर त्यांनी आवर्तनांचे चार गट पाडले: पाच मात्रांचे हरावर्तन, सहांचे भृंगावर्तन, सातांचे अग्न्यावर्तन, आठांचे पद्मावर्तन. तबलजीला यातले काहीच परके वाटणार नाही. आठ म्हणजे केरवा, सहा म्हणजे दादरा, सात म्हणजे रूपक. पाचाची दुप्पट केली की झपताल.

पाश्चात्त्य संगीतात वर्गवारी वेगळ्या अंगाने होते. एका ठोक्याचे दोन समान भाग पडले तर ताल साधा, तीन पडले तर संयुक्त. केरवा साधा ठरतो; द्रुत दादरा दोनच ठोक्यांचा, पण प्रत्येकाच्या पोटात तीन मात्रा, म्हणून संयुक्त. रूपकाचे ३+२+२ आणि झपतालाचे २+३+२+३ मात्र यातल्या कुठल्याच खणात नीट बसत नाहीत. तिथे माधवरावांची मात्रामोजणी मला अधिक मोकळी वाटते.

पण सहा हा आकडा एकट्या मोजणीला दाद देत नाही. सहा मात्रा म्हणत पहिली आणि चौथीवर टाळी द्या, दादरा उभा राहतो. तीच लय ठेवून पहिली, तिसरी, पाचवीवर टाळी द्या. आता तीन ठोके, प्रत्येकी दोन मात्रांचे. बेरीज तीच, ताल मात्र साधा झाला.

हा फरक करतो कोण? बेल्जियममधल्या संशोधकांनी २०११ मध्ये माणसांना सेकंदाला २.४ ठोक्यांचा एकसारखा आवाज ऐकवला आणि मनातल्या मनात कधी दोन-दोनांचे, कधी तीन-तीनांचे गट करायला सांगितले. आवाज बदलला नव्हता. मेंदूच्या विद्युतलहरींत मात्र पहिल्या वेळी १.२ आणि दुसऱ्या वेळी ०.८ ही वारंवारता उमटली.

त्याआधी, २००५ मध्ये, जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी कॅनडात सात महिन्यांच्या बाळांना कुठेच जोर नसलेली लय ऐकवली. काहींना दर दुसऱ्या ठोक्यावर हिंदोळले, काहींना दर तिसऱ्या. नंतर जोर देऊन वाजवलेल्या लयींपैकी बाळे स्वतःच्या हिंदोळ्याशी जुळणारीच अधिक वेळ ऐकत राहिली. डोळे बांधून हिंदोळले तरी हाच परिणाम दिसला. दुसऱ्याला हलताना नुसते पाहून तो दिसला नाही.